घरची सरी

"सोनलताई, माझ्या भाजीला दहापैकी किती मार्क?"

अक्षदानं भर पंगतीत विचारलं. स्वतः केलेली भाजी पावण्यांपुढं ठेवून मार्क मागून दाखव, अशी वर्गातल्या मोहिनीनं आणि बाकीच्या पोरींनी पैज लावली होती. ती आज पुरी झाली.

भाऊबीजेला बोरीहून राजुरीला आत्याकडं यायचं आणि येताना भरल्या वांग्यांची भाजी आणायची, हे दरवर्षीचं. बिबट्याच्या भीतीनं जेवणं दिवसाउजेडीच उरकायची, हेही. भाजी आईची असायची. पण आज पहाटे तोडणी झाली. तीस कॅरेट वांगी पिकअपमध्ये चढवून आई भिंतीला टेकली, ती बसल्याजागीच झोपली. अक्षदानं तिला उठवलं नाही. वांगी तोडण्यापासून कूट भरण्यापर्यंत सगळं एकटीनं केलं.

"साडेनऊ," सोनलताई म्हणाली. आत्याची ही लेक पुण्याहून माहेरी आली होती. तिला सातवा महिना होता. "अर्धा कापला, नायतर डोक्यावर बसशील."

"माझ्याकडून दहा," तिचा नवरा सुदर्शन म्हणाला. "एकाही वांग्याला भोक नाही. आम्ही मंडईत अशीच बघून घेतो, चकचकीत."

पप्पांचा घास हातातच राहिला. आल्यापासून ते फारसं बोलले नव्हते. फवारणीच्या पंपानं त्यांचे दोन्ही खांदे धरले होते.

"अक्षे, वांगी कुठनं तोडली?"

"वरच्या सऱ्यांतनं. सणाला तरी किडकी नको म्हणलं."

पप्पांनी घास ताटात ठेवला. "पावणं, ती भाजी ऱ्हाऊ द्या. सोनल, तू पण नको खाऊ. खवट लागतीय."

"छान लागतेय की, मामा," सुदर्शन म्हणाला.

आत्या उठली. सोनलताईच्या पुढचं ताट तिनं उचललं, दुसरं आणून ठेवलं. मग सुदर्शनचं, मग बाकीच्यांची. ती त्याच घरात वाढलेली, त्याच रानात राबलेली. तिनं भावाला काही विचारलं नाही. आईनं भाजीचं पातेलं उचललं आणि ती मागच्या दारानं बाहेर गेली. तिच्या पायांत चपलाही नव्हत्या.

अक्षदा मागोमाग गेली. आत्याही आली.

"शेळ्यांना घालू नको गं शीला," आत्या हळू म्हणाली. "खड्ड्यात टाक."

आईनं पातेलं उपडं केलं. वरून पायानं माती ओढली.

"धुतली व्हती मी," अक्षदा म्हणाली. "दोनदा."

"काल सांजच्याला औषध मारलंय त्या सऱ्यांना. धुऊन जातंय व्हय ते?" आई खाली बसली. "म्हणून तर मागची एक सरी घरासाठी ठिवलीय. तिकडं पप्पा पंप नेत न्हाईत. तुला सांगायचं कधी सुचलंच न्हाई बघ. अशी सरी समद्यांचीच असती."

मागच्या सरीतली वांगी वाकडी, बुटकी, भोकं पडलेली. आई अळीचा भाग कापून टाकायची आणि उरलेल्याची भाजी करायची. चांगला माल विकायचा आणि किडका आपण खायचा, असंच अक्षदाला लहानपणापासून वाटत आलं होतं. वर्गात डबा उघडताना तिला आईबापाची दया यायची. आपल्यासाठी एक चांगलं वांगंही ठेवत नाहीत बिचारे.

"मग पहाटेची तीस कॅरेट?"

आई पातेल्याच्या कडेला लागलेलं तेल बघत राहिली. आत्या आत निघून गेली.

हात धुवायला पप्पा आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी तांब्या उचलला.

"मारल्यावर आठ दिवस थांबायला लागतं," ते म्हणाले. "पण थांबलं की अळी पडती. एक भोक दिसलं की व्यापारी अख्खं कॅरेट बाजूला सारतो. सणाला माल लागतो, तो बी चकचकीत. मी एकटा थांबून काय हुतंय, बाळा? लई वर्षं झाली आता."

त्यांनी हातावर पाणी घेतलं. खांदा वर होईना, तसं आईनं उठून त्यांच्या हातातला तांब्या घेतला आणि पाणी घातलं. दोघं एकमेकांकडं बघत नव्हती. आतून सोनलताईच्या हसण्याचा आवाज आला. कुणीतरी तिला करंज्या वाढत होतं.

अक्षदा मातीच्या त्या उंचवट्याकडं बघत होती. मग ती दोघांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"आई, पप्पा, शाळा सुरू झाली की माझ्या डब्याला बाजारात जातात तीच वांगी द्यायची. घरच्या सरीतलं मी आजपासून खाणार न्हाई."