अण्णांचा नकार

"रोमला दोनच दिवस? आणि पॅरिसला चार, तेही पाळण्यांत बसायला?" अण्णांनी नाक मुरडलं. "पाळणे आपल्या जत्रेतही असतात. त्यासाठी विमान लागत नाही."

"अण्णा, रेवा चार वर्षांची आहे. तिला काय पडक्या भिंती दाखवू?" लॅपटॉपवरून मान वर न करता त्यांचा मुलगा म्हणाला.

पडक्या भिंती! पोटच्या पोराच्या अडाणीपणाची अण्णांना कीव आली. रोमच्या गल्ल्या त्यांना पुस्तकं वाचून पाठ होत्या. मरण्याआधी एकदा त्या डोळ्यांनी पाहाव्यात, एवढी एकच इच्छा उरली होती. पण ती बोलून कशी दाखवायची?

"तुम्ही येताय ना, अण्णा? तिकिटं काढतोय आम्ही," सुनेनं विचारलं.

विचारल्याबरोबर हो म्हणणं अण्णांना हावरटपणाचं वाटे. लोकांकडे चहासुद्धा ते दुसऱ्यांदा विचारल्यावरच घेत. "छे! असल्या पोरखेळात मी कशाला?" असं म्हणून ते आग्रहाची वाट पाहत बसले.

"बरं. तुमच्यावर बळजबरी नाही," सून म्हणाली आणि तिनं लगेच माहेरी फोन लावला. "आई, आमच्याबरोबर रोमला चल."

"अगंबाई, या वयात मला कुठे नेता? नको गं," विहीणबाईंचा आवाज खोलीभर घुमला.

"ते काही नाही. तू यायचंच!"

"बरं बाई, तुम्ही एवढं म्हणताय तर येते."

"ढोंगी बाई!" अण्णा तोंडातल्या तोंडात म्हणाले.