शेंगदाण्याचा पहिला चमचा

डॉक्टरांनी शेंगदाण्याच्या पातळ वाटणाची वाटी पुढे सरकवली, तसा सोयराबाईंनी सुनेचा दंड धरला. "बेडा, तुंगा. नको."

तुंगा थबकली. मांडीवरची धाकटी वाटीकडे टक लावून बघत होती. थोरली वनजा घरी बापाजवळ होती. मागे एकदा आजीनं हौसेनं भरवलेल्या शेंगदाण्याच्या चिक्कीच्या तुकड्यानं तिचे ओठ सुजले होते, श्वास कोंडला होता. इस्पितळ गाठलं म्हणून पोर वाचली. त्या दिवसापासून सोयराबाईंनी कुठल्याच नातीला आपल्या हातानं घास भरवला नव्हता.

धाकटीची तपासणी चांगली आली होती. लवकर, थोडं थोडं आणि नेमानं दिलं, तर हिला ही ॲलर्जी होण्याचा धोका कमी होईल, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. तुंगाला ते पटलं होतं, पण हात चमच्याकडे जाईना.

"काही झालंच तर मी इथं आहे, औषधही तयार आहे," डॉक्टर म्हणाल्या.

तुंगानं सासूचा हात हलकेच सोडवला. "आत्याबाई, भीती मलाही वाटते. पण माझ्या भीतीपायी हिच्यावर तीच वेळ आली तर?"

तिनं चमच्याचं टोक बाळाच्या जिभेला लावलं. बाळानं तोंड वाकडं केलं, मग चाटून बघितलं. तिघी वाट बघत राहिल्या. मध्येच बाळाला उचकी लागली आणि सोयराबाई ताडकन उठल्या. उचकी थांबली. ओठ होते तसेच होते. डॉक्टरांनी मान डोलावली आणि तुंगानं पुन्हा थोडं दिलं. या वेळी बाळानं चमचाच पकडला. सोडवायला गेलं तर भोकाड पसरलं.

बऱ्याच वेळानं डॉक्टरांनी बाळाचं अंग नीट पाहिलं आणि घरी जायला सांगितलं. फक्त आता खंड पाडायचा नाही, म्हणाल्या.

वाटेत तुंगाला नवीच काळजी लागली. वनजा असलेल्या घरात शेंगदाणा न्यायचा कसा? घराजवळच्या अग्रहार चौकात आल्यावर तिनं ते बोलून दाखवलं. सोयराबाईंचं घर वेगळं, शेजारच्या गल्लीत होतं. त्या सरळ शेंगांच्या गाडीपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि पदर पुढे धरून गाडीवाल्याला खणखणीत कानडीत म्हणाल्या,

"भाजलेल्या नकोत, कच्च्या दे. माझ्या घरी, माझ्या हातानं भाजून, मऊ वाटून नातीला भरवणार आहे."