मोगऱ्याचं गुपित

मोगऱ्याची पानं पिवळी पडली, म्हणून हेमलताने बागप्रेमींच्या ग्रुपवर फोटो टाकला. तासाभरात चौदा सल्ले आले. तिने ताक फवारलं, चहाचा चोथा घातला, अंड्यांची टरफलं पुरली. मोगऱ्याच्या नुसत्या काड्या उरल्या. ग्रुपचे जाणकार करंबेळकरकाका म्हणाले, "पाणी जास्त झालं असणार."

वैतागून तिने कुंडी गच्चीवरच्या गळक्या नळाखाली ढकलली आणि विसरून गेली. एप्रिलमध्ये पापड वाळत घालायला वर गेली, तर मोगरा कळ्यांनी लगडलेला.

फोटो पाहून सगळे विचारू लागले, काय घातलंत? तिने खरं ते लिहिलं, "काहीच नाही. विसरले होते."

"सांगायचं नसेल तर राहू द्या," काकांनी सुनावलं.

मग तिने लिहिलं, "शिळ्या सोलकढीत चमचाभर हिंग. फक्त मंगळवारी." बेचाळीस जणांनी हात जोडले.

पंधरवड्याने काकांच्याच मोगऱ्याचा फोटो आला. नुसत्या काड्या. "ताई, सगळं तुम्ही सांगितलं तस्सं केलं. काय चुकलं असेल?"

हेमलताने चष्मा पुसला, फोटो मोठा करून नीट पाहिला आणि लिहिलं, "पाणी जास्त झालं असणार."