वरचा सूर

“उतरला,” मास्तर म्हणाले. “वरचा सूर पुन्हा उतरला.”

त्यानं व्हायोलिन हनुवटीखाली नीट बसवलं आणि तोच सूर परत वाजवला. त्याच्या कानाला तो चोख लागत होता.

“छे, अजून खालीच आहे. तुला ऐकू येत नाही का?”

मास्तरांनी सहज विचारलं, पण तो प्रश्न त्याच्या मनातून जाईना.

तो रेल्वेच्या यार्डात चाकं तपासायचा. गाडी उभी राहिली की डब्याडब्यापाशी वाकायचं, चाकावर हातोडी मारायची आणि कान द्यायचा. निकोप चाक खणखणीत वाजतं. तडा गेला असेल तर बद्द आवाज येतो. बावीस वर्षं त्याच्या कानावर भरवसा ठेवून गाड्या सुटत होत्या. व्हायोलिनही तो त्याच कानाच्या जोरावर शिकला होता, घरच्या घरी, रेडिओ ऐकून. चाळिशी उलटल्यावर वाटलं, आपल्या चुका दाखवणारं कुणीतरी हवं.

म्हणून दर शनिवारी दुपारी तो मास्तरांच्या माडीवरच्या खोलीत जायचा. आठवड्यात जिथं अडलं ते चिठ्ठीवर लिहून न्यायचा, एकेक विचारायचा, घरी येऊन घोटायचा.

“बोलणी खायला मास्तर कशाला हवेत? मी काय कमी पडते?” बायको चिडवायची.

पण शिकवणी अंगी लागली होती. हातोडीसारखा मुठीत आवळलेला गज बोटांवर आला, वाकडा खांदा सरळ झाला. दोनच महिन्यांत मास्तर म्हणाले, “तुझं सगळं बसलं बघ. हा एक सूर लागला की झालं. मग तुला इथं यायचं कारण नाही.”

खोलीत आठ खुर्च्या होत्या. सात चादरीखाली झाकलेल्या. मास्तर स्वतः चहा करायचे, तासाची शिकवणी दीड तास चालायची. आणि तो एक सूर काही केल्या लागत नव्हता.

‘हा फरक मला कळत नसेल, तर चाकांमधला तरी कुठं कळतोय?’ त्या दिवशी जिना उतरताना त्याच्या मनात आलं, आणि त्यानं कठडा घट्ट धरला.

सोमवारी त्यानं प्रत्येक चाक तीन-तीनदा ठोकलं.

“चाकं तपासतोयस की त्यांची समजूत काढतोयस?” मुकादम ओरडला.

गुरुवारी त्यानं भरलेली गाडी अडवली. एक चाक बद्द वाजल्यासारखं वाटलं. डबा बाजूला काढला, माणसं दुसऱ्या डब्यांत कोंबली, चाक यंत्राखाली घातलं. निकोप होतं. ओरडायच्या ऐवजी मुकादमानं वहीत नुसती उशिराची नोंद केली. त्यानंच तो जास्त हादरला.

शुक्रवारी सकाळी घरी ताटावर बसून तो बायकोचे हलणारे ओठ नुसता बघत राहिला.

“अहो, ऐकताय ना?”

त्यानं हातातला घास खाली ठेवला. “माझे कान गेलेत. आणि सव्वासातची गाडी मी आत्ताच पास करून आलोय.”

बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांची लेक त्याच गाडीनं कॉलेजला जायची. दोघंही फोनकडं बघत बसले. साडेनऊला लेकीचा फोन आला, पोचले म्हणून. बायकोनं डोळे पुसले आणि चपला घातल्या.

“उठा. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं. तोवर त्या हातोडीला हात लावायचा नाही.”

कानाच्या डॉक्टरबाईंनी त्याला बंद खोलीत बसवलं. आधी बारीक होत जाणारे आवाज, मग दोन-दोन सूर. खालचा कुठला ते सांगायचं.

“तुमच्या वयाला असे कान मी पाहिले नाहीत,” बाई कागद पुढं करत म्हणाल्या. “केसाएवढा फरकसुद्धा ओळखलात. एकदाही चुकला नाहीत.”

दवाखान्याच्या पायरीवर बसून तो बायकोदेखत हमसून हमसून रडला. मग एकदम थांबला.

“म्हणजे कान मास्तरांचे गेलेत,” तो म्हणाला. “आणि त्यांना पत्ताच नाही.”

आता त्याला भीती होती ती मास्तरांना सांगायची. जन्मभर ज्या माणसानं कानावर भाकरी खाल्ली, त्याला हे कुठल्या तोंडानं सांगायचं? शनिवारी जिना चढताना दर पायरीवर त्यानं एक वाक्य जुळवलं आणि पुढच्या पायरीवर मोडलं. वर मास्तर दारातच उभे होते, चहाचं आधण ठेवून. त्याला बघून त्यांचा चेहरा असा फुलला, की उरलंसुरलं धाडसही गेलं.

राहू दे, त्यानं ठरवलं. म्हाताऱ्याच्या कानाला जसा बरोबर वाटेल, तसाच वाजवू.

त्यानं गज उचलला, बोट मुद्दाम केसभर पुढं सरकवलं आणि वरचा सूर चढवून वाजवला.

“अरे, अरे!” मास्तर कळवळून म्हणाले. “इतका नेमका लागायचा तो सूर, आज का बिघडवलास?”