तिसऱ्या अंकातला मार

पडदा पडला तेव्हा गायिकेच्या ओठातून रक्त येत होतं.

तिचे कपडे सांभाळणारी धाकटी बहीण विंगेतून धावली. "ताई, हा रंग नाही."

"दात लागला गं." कंपनीत सगळे जिला बाई म्हणत, ती ओठ टिपून हसत प्रेक्षकांपुढे गेली.

तिसऱ्या अंकात नवरा बायकोला मारतो आणि पडल्या जागेवरून ती गाते. मारायची रीत ठरलेली होती. नटाचा हात गालाजवळून नुसता जायचा. आवाज मार खाणारीनं स्वतःच्या मांडीवर थाप मारून काढायचा. पण बहीण तीन प्रयोग बघत होती. बाईंचे दोन्ही हात हवेत असायचे, आणि आवाज तरीही यायचा.

कपडे उतरवताना फासळ्यांवर जांभळं आभाळ भरून आलेलं दिसलं.

"जीव घेईल तो तुझा."

"गाणं कसं झालं ते सांग."

"चुलीत घाल ते गाणं."

गाणं मात्र झालं होतं. गेल्या हंगामात शेवटचा वरचा सूर फाटायचा. मालकांनी दुसरी गायिका बघूनही ठेवली होती. यंदा तो सूर काळीज सोलून बाहेर यायचा, आणि शेवटच्या रांगेतली माणसंही रुमाल शोधायची.

नट बेसिनवर हात धूत होता. किती वेळ धूतच होता.

"बाईमाणसावर बरा चालतो रे हात," बहीण म्हणाली, आणि लाकडी हँगर त्याच्या मनगटावर हाणला. हाड वाजलं. त्यानं हात मागे घेतला नाही. तिनं पुन्हा हाणला.

आवाज ऐकून मालक आले. बहिणीनं फासळ्यांचं सांगितलं, तसं त्यांनी त्याला तिथल्या तिथे काढलं.

"सुटली माझी ताई," बहीण त्याला ऐकू जाईल असं म्हणाली.

"मीही," तो म्हणाला आणि सुजलेला हात छातीशी धरून पायऱ्या उतरला.

नवा नट हलक्या हाताचा, सज्जन. पहिल्याच प्रयोगात हात गालाजवळून वाऱ्यासारखा गेला, थाप मांडीवर वाजली. विंगेत बहिणीनं डोळे पुसले.

वरचा सूर अर्ध्यात फाटला. मालक खुर्चीतून उठून गेले.

बाईंनी नव्या नटाला खोलीत बोलावलं, आतून कडी घातली आणि गाल पुढे केला.

"हात राखू नकोस," त्या म्हणाल्या. "आधीच्याला जमायला महिना लागला. रडायचा मेला. तुझ्याकडे उद्या संध्याकाळपर्यंतच वेळ आहे."