शबरीची थरथर

सोनेरी हरिण सहा वर्षांनी पुन्हा उड्या मारू लागलं आणि पिंगुळीच्या पोरांनी एकच कल्ला केला. पडद्यामागे नारबांनी आपल्या हातांकडे पाहिलं. दोऱ्या ताठ, बोटं स्थिर! हातांना कंप सुटल्यापासून कळसूत्री बाहुल्यांपैकी फक्त म्हातारी शबरीच त्यांना नाचवता येई. आता मनगटावरचा पट्टा तो कंप ओळखी, नसांना विजेचे बारीक ठोके देई, आणि हात शांत होत.

मग शबरी आली. तिने बोर उचललं आणि झटक्यात रामापुढे धरलं.

"ही आमची शबरी नाय!" पुढे बसलेली एक पोर ओरडली. "आमची थरथरता!"

नारबा चमकले. खरंच की!

"सुलू, पट्टो बंद कर गो."

"बाबा, तुमका खूळ लागला काय?" मुलगी कुजबुजली. "पट्ट्याक परत कंप समजूक वेळ लागता. पुढे मारुतीची उडी आसा!"

"सांगतंय ता कर!"

शबरीचे हात थरथरले. बोर पडलं. तिने चाचपडत ते शोधलं, उचललं, पुन्हा पुढे केलं. अंगणातली पोरं पुढे सरकली. रामाने बोर खाल्लं तेव्हा कुठे पोरांनी श्वास सोडला.

सुलूने घाईघाईने पट्टा चालू केला. मारुती समुद्रकाठी उभा राहिला, पण लटपटतच.

"मार उडी! मार उडी!" पोरं ओरडू लागली.

नारबा थांबले. एकेक बोट शांत होत गेलं.

"वाजव गो!"

सुलूने ढोलकीवर थाप मारली आणि मारुती उडाला तो थेट लंकेत.