मंत्र्याचा चेहरा

नोएडाच्या त्या कार्टून स्टुडिओत प्रत्येक चित्रकाराच्या टेबलावर आरसा असायचा. पात्राचा भाव आधी स्वतःच्या तोंडावर आणायचा आणि मग कागदावर उतरवायचा, अशी तिथली रीत. राज्य वाचावं म्हणून आपल्याच गुरूला शत्रूच्या हवाली करणारा मंत्री मात्र सुधन्वाला काही केल्या जमेना. दात विचकून, भुवया ताणून तो सकाळपासून दमला होता. साहेबांनी तिसऱ्यांदा कागद परत केला. "यार, ये तो विलन लग रहा है. उसे थोड़े ही पता है कि वो विलन है."

जेवणानंतर तो दामूकाकांकडे गेला. काका चित्रांत हाताने रंग भरायचे. सुधन्वाला नागपूरहून इथे त्यांनीच आणलं होतं. आता रंग कॉम्प्युटर भरणार होता.

"काका, हा शनिवार तुमचा इथला शेवटचा दिवस. तिघं गेले तर बाकीचे वाचतात."

"काढायच्या माणसांची यादी कोणी केली?"

"वरून आली."

"तुझी नोकरी राहिली ना? मग बास," काका म्हणाले.

सुधन्वा परत येऊन आरशासमोर बसला. या वेळी तोंड वेडंवाकडं करावं लागलं नाही. चित्र एका बैठकीत झालं आणि साहेबांनी लगेच पास केलं. रंगवायला तो स्वतःच ते घेऊन गेला.

काकांनी कागद उजेडात धरला. मंत्र्याच्या चेहऱ्याकडे ते बराच वेळ पाहत राहिले. मग ब्रश पाण्यात बुडवत म्हणाले, "म्हणजे यादी तूच केलीस."